डाव्या खांद्यावरच्या मुंग्या

बाबा, तुम्हाला मी आयुष्यात एकही पत्र लिहिलं नाही. नर्सिंगच्या होस्टेलवरून जी पत्रं यायची ती आत्याच्या नावाने, आणि त्यांच्या शेवटी ‘बाबांना सांग’ एवढंच असायचं, काय सांग ते नसायचं. तुम्हाला शेवटचं पोचवायला आलेल्या बायकांच्या कडेवर जी मुलं होती त्यांची आता लग्नं झाली, आणि मी आज लिहायला बसले आहे. टोकावड्याच्या पुढचं हे आपलंच घर, दुपारची वेळ, आत्या आतल्या खोलीत झोपली आहे. तिच्या रिपोर्टांची फाईल मांडीवर घेऊन तिच्यावरच कागद ठेवला आहे. उद्या तिला कल्याणला न्यायचं, परवा ऑपरेशन. त्याआधी मला तुमच्याशी असलेलं एक जुनं भांडण नीट मांडायचं आहे. मिटेल असं वाटत नाही.

मी संशयी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. आई म्हणायची, ही पोरगी दुधात बोट घालून मग दूध म्हणते. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढल्यावर तो स्वभाव कमी व्हायच्या ऐवजी मुरला. आधी मुरबाडला, आता शहापूरला. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवर काही ना काही असतंच. उशीखाली देवाचा फोटो, दंडाला काळा दोरा, कपाळावर अंगारा. मी कुणाला काढायला लावत नाही. पण एक बघून ठेवलंय. एक भाजलेली बाई आमच्याकडे आली होती, तिच्या सासूने कपाळाला अंगारा लावलेला. सासू बाहेर गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, सिस्टर, ते पुसा, खाजतंय. मी ओल्या कापसाने पुसलं. तिने डोळे मिटले आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. सासू परत आली, कपाळ कोरडं बघितलं आणि रडायला लागली, आता माझ्या सुनेचं काय होणार म्हणून. तेव्हापासून मला असं वाटत आलंय की अंगारा हा भाजलेल्यासाठी नसतोच, तो खाटेशेजारी बसणाऱ्यासाठी असतो. देवाचा आधार मिळतो तो बघणाऱ्याला, आणि त्याचा भार वाहतो तो दुखणारा. हे मी कुणापुढे बोलत नाही, पण विचार केला तर त्याची सुरुवात दवाखान्यात नाही झाली, आपल्या गावदेवापाशी झाली.

तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी मला ते एकदा क्रमाने लिहून काढायचं आहे. गावाच्या वरच्या अंगाला पत्र्याच्या छपरात तो बसलेला, शेंदूर चढून चढून डोकं आणि खांदे गोल झालेला दगड. त्याची पूजा आपल्या घराण्याकडे. माणूस अडला, घरात दुखणं आलं, की तो तुमच्याकडे कौल लावायला यायचा. दगडाच्या दोन्ही खांद्यांवर शेंदूर खरवडून बोटाएवढी जागा मोकळी ठेवलेली. तुम्ही प्रश्न मोठ्याने सांगायचात, मग दोन अख्खे तांदूळ पाण्यात भिजवून एकेका खांद्यावर चिकटवायचात. पाणी सुकलं की दाणा गळून पडतो. उजवा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. आणि उजवा म्हणजे देवाचा उजवा, आपला नव्हे. तो आपल्याकडे तोंड करून बसलाय, म्हणजे त्याचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो. हे तुम्ही नवख्या माणसाला दर वेळी सांगायचात आणि मी लहानपणी दर वेळी मनातल्या मनात हात उलटसुलट करून बघायची.

कौल लागेपर्यंत तुम्ही उपाशी असायचात. म्हणून मी घरून तांब्याभर पाणी आणि काशाच्या वाटीत पेज घेऊन यायची. पाणी देवाला, पेज तुम्हाला. काम झालं की तिथेच पायरीवर बसून प्यायचात. मी अकरा वर्षांची असेन, तेव्हा मला मुंग्या दिसल्या. बारीक तांबड्या मुंग्या, दगडाच्या मागून रांगेने चढायच्या आणि देवाच्या डाव्या खांद्यावर जाऊन थांबायच्या. उजव्या खांद्यावर कधीच नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, देवाचं वाहन आहे ते. मला ते पटेना. वाहन असेल तर ते एकाच खांद्यावर का बसेल? दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी छपरात शिरले आणि डाव्या खांद्यावरचा पांढरा पापुद्रा नखाने खरवडला. जिभेला लावून पाहिला. बिनमिठाची पेज होती. तुम्ही अंगठा वाटीत बुडवून डावा दाणा पेजेने चिकटवत होतात. मिठाने पेज ओल धरते; बिनमिठाची सुकली की दाणा दगडाला धरून बसतो, तो काही पडत नाही. म्हणजे उजवाच पडणार. तुमच्या देवाने कुणाला नाही म्हटलंच नव्हतं. शाळेत त्या दिवशी मी काय शिकले ते आठवत नाही, पण जिभेवरची ती चव आठवते.

मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. नुसती बघत राहिले. लोक यायचे तेव्हा तुम्ही आधी त्यांना बाहेर बसवून बोलतं करायचात, काय झालं, डॉक्टर काय म्हणाला, घरी कोण काय म्हणतंय. मग प्रश्न असा बांधायचात की त्याला जे करायचंच आहे, किंवा जे ऐकायचंच आहे, ते उजवीकडे यावं. दवाखान्यात न्यायला घाबरणारा असेल तर ‘नेऊ का’ असं विचारायचं. हे मला त्या वयातही चांगलं वाटायचं, खोटं सांगत नाही. पण वैशाखऱ्याहून एक बाई यायची. तिच्या मुलाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. तिचा प्रश्न एकच, पोरगा बरा होईल का. दर अमावास्येला ती यायची, एसटीतून उतरून एवढं अंतर चालत, आणि दर वेळी उजवा दाणा पडायचा. ती दगडापुढे डोकं टेकायची तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघायची. तुम्ही पत्र्याकडे बघत असायचात. दीड वर्षाने मुलगा गेला. तेराव्यानंतर ती नारळ घेऊन आली. मला वाटलं आता ही तो नारळ तुमच्या डोक्यात घालणार, आणि खरं सांगते, मला ते बघायचं होतं. तिने नारळ ओट्यावर ठेवला, उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाली की देवानं दीड वरीस दिलं.

त्या संध्याकाळी आई चुलीपाशी नाचणीच्या भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसला होतात, आणि मी विचारलं की तुम्ही तिला खोटं का सांगितलंत. आईचा हात थांबला. पेजेचा शब्द मी काढला नव्हता, पण तुम्हाला कळलं की मला कळलंय. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणालात, “ती माज्याकडं पोरगा मागाया नवती येत. म्हयन्याला येक रात झोप मागाया यायची. तुला रोज झोप येते ना, म्हनून तुला कलत नाय.” वाढलेलं सगळं जेवून तुम्ही उठलात. मला ते उत्तर म्हणजे सारवासारव वाटली. मला वाटलं, माणसं आपल्या पायरीवर रडतात हे तुम्हाला आवडतं. आवडायचंच थोडं, नाही का? देवाच्या नावाने हो म्हणायला मिळतं ते कुणाला नकोसं होईल? पुढे नर्स झाल्यावर त्या मुलाचा आजार मला समजला. त्या काळात, आपल्या भागात, त्याचं तसंही काही होणार नव्हतं. तरी मी तुम्हाला ते माफ केलं नाही. त्या बाईला रडायला दीड वर्ष उशीर झाला तो तुमच्यामुळे, असंच मी धरून चालले.

आणि मग आई. तिच्या छातीतली गाठ आत्याने पाहिली, आंघोळीला पाठ चोळताना. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं की मुंबईला न्या, काढावी लागेल, आत्ता नेलं तर बरं. मी सोळा वर्षांची, धाकटा भाऊ चार वर्षांचा. आई म्हणाली, देवाला विचारा, त्यानं सांगितलं तर जाईन. मला हसू आलं होतं, हायसं वाटलं होतं. देव काय सांगणार हे मला माहीत होतं, मी त्याची चव घेतली होती. त्या दिवशी पेज मी काढली आणि मुद्दाम घट्ट ठेवली. आई दगडासमोर पदर घेऊन बसली, तिच्या मागे मी. तुम्ही प्रश्न सांगितलात, मुंबईला नेऊ का. मग काशाची वाटी उचललीत आणि मागे सरकवून ठेवलीत. मी ती परत पुढे केली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा मागे केलीत. तांब्यातलं पाणी घेऊन दोन्ही हात चोळून धुतलेत आणि दोन्ही दाणे साध्या पाण्याने लावलेत. आम्ही बसून राहिलो. डावा पडला. इतका लवकर पडला की आईला तो दिसलाही नसेल असं मला वाटलं, पण तिने पाहिला होता. ती उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाली, चला, भाकऱ्या टाकायच्यात. पुढचं भात कापणीला यायच्या आत ती गेली. शेवटचे दोन महिने ती कशी होती ते तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही.

त्यानंतर आपण बोललो ते फक्त कामापुरतं. पाणी तापलंय, गुरं सोडलीत का, मास्तरांनी सही मागितलीय. मी एकच गोष्ट मनाशी धरली होती: ज्या माणसाने वैशाखऱ्याच्या बाईला दीड वर्ष खोटं सांगितलं, त्याला स्वतःच्या बायकोसाठी एकदा खोटं सांगता आलं नाही. रोज दुसऱ्याच्या भाकरीला लोणी लावणारा हात नेमका आपल्या घरी कोरडा झाला. का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यायची संधी मिळाली असती आणि ती मला द्यायची नव्हती. आणखी एक मी बघून ठेवलं होतं. आईनंतर देवाच्या खांद्यावरच्या मुंग्या गेल्या. सुटीत घरी आले की मी छपरात जाऊन बघायची. दोन्ही खांदे सारखेच कोरडे. तुम्ही पेज सोडून दिली होतीत. मग कौल कधी उजवा पडायचा, कधी डावा, आणि हळूहळू माणसं यायची बंद झाली. टोकावड्याच्या पलीकडे कुणी भगत होता, तिकडे जायला लागली. खरा कौल कुणालाच नको होता. तुम्ही रिकाम्या छपरात एकटेच दिवा लावायचात. मी त्याचा अर्थ असा लावला की हे प्रायश्चित्त आहे, आणि मला त्याचं बरं वाटायचं. हेही लिहायला हवं.

आईनंतर आम्हाला आत्याने वाढवलं. ती नवऱ्याघरून परत आलेली, मूलबाळ नाही, आणि तिच्या तोंडाला लगाम नाही. तुम्ही गेल्यावरही ती याच घरात राहिली. आता तिच्या पोटात गाठ निघाली आहे, पाणी धरलंय. कल्याणचे डॉक्टर म्हणतात, वय असलं तरी हृदय चांगलं आहे, काढून टाकू, बरी होईल. मी रिपोर्ट स्वतः वाचले, दोन डॉक्टरांना दाखवले, संशय घ्यायला जागा नाही. आणि आत्या म्हणते, कौल लावल्याशिवाय मी खाटेवर चढणार नाही. मी डोक्याला हात लावला. आता तुमची पूजेची पाळी धाकट्याकडे आहे. तो भिवंडीला कंपनीत, रविवारी येऊन दिवा लावतो, कौल त्याने कधी लावलेला नाही. म्हणाला, ताई, मला नाय जमत ते, तूच लाव. गावातल्या म्हाताऱ्यांनी विचार करून सांगितलं की माझी पाळी गेलेली आहे तेव्हा देवाला चालेल. तीस वर्षं लोकांचं रक्त पुसलं ते देवाला चालत होतं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

मला आत्या हवी आहे, बाबा. इथे मी कसलाही आडपडदा ठेवत नाही. आई गेल्यावर माझ्या केसांत तेल घालणारी ती एकच आहे आणि ती या गाठीने मेली तर मी ते सहन करू शकणार नाही. म्हणून मी ठरवलं, तुम्ही आईसाठी जे केलं नाहीत ते मी तिच्यासाठी करणार. गुरुवारी सकाळी भात शिजवताना पेज काढली, मीठ न घालता, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून पदराखाली धरली. आत्याला हाताला धरून छपरापर्यंत नेलं. ती खाली बसली, धाप लागलेली. मी प्रश्न सांगितला, ऑपरेशनला नेऊ का. आत्याचे डोळे मिटलेले बघून डबीत अंगठा बुडवला आणि डावीकडचा दाणा पेजेने लावला. उजवीकडचा पाण्याने. काम सफाईदार झालं असं मला वाटलं. मागे येऊन तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने आत्याने डोळे उघडले, दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “उलटं लावलंस गो. तुजा बाप देवाच्या डाव्या खांद्याला लावायचा, आपल्या नाय.”

लहानपणी जे शंभर वेळा ऐकलं, तेच नेमकं विसरले होते. माझ्या डाव्या हाताला आलेला तो देवाचा उजवा, आणि तोच मी पेजेने घट्ट धरून ठेवला होता. आता नकार पडणार हे ठरलंच. मी पुसायला उठले तर तिने मनगट धरलं. लावलेला कौल पुसत नाहीत, म्हणाली. मी पुन्हा बसले आणि मगच तिचं मघाचं बोलणं नीट कानात शिरलं. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली की तिला माहीत होतं, आणि माझ्या आईलाही माहीत होतं. पेज गाळून वाटीत कोण ओतायचं? आई. गाळताना मीठ घालू नको म्हणून तिला कुणी सांगितलं असेल? तुम्हीच. मी इतकी वर्षं पेजेचा विचार केला, पण ती पेज रांधणाऱ्या हातांचा एकदाही केला नव्हता.

समोर दोन दाणे, आणि आत्या बोलत होती, मध्ये मध्ये श्वास घेत. त्या दिवशी सकाळी आईने तुम्हाला शपथ घातली होती म्हणाली. आत्या तिथेच तांदूळ निवडत बसलेली. आईने सांगितलं की लोकांना लावता ती पेज मला नको, मला देवाच्या तोंडचं खरं काय ते ऐकायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात, पुष्कळ विनवलंत, तिच्या पायाला हात लावलात. ती ऐकेना. तिने धाकट्याच्या डोक्यावर तुमचा हात ठेवून शपथ घेववली. मी म्हटलं, का पण? तिला जगायचं नव्हतं? आत्या म्हणाली, “जगायचं व्हतं गो. पन तिचा देवावर विस्वास व्हता. तुज्या बापाचा नवता. म्हनून तर तो पेज लावायचा.”

हे ऐकून मला तुमच्याबद्दल माया दाटून यायला हवी होती. तशी ती आली नाही, निदान लगेच नाही. आधी राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. म्हणजे ज्याचा विश्वास नव्हता त्याने परक्यांना झोप दिली, दवाखान्यात धाडलं, आणि जिचा विश्वास खरा होता ती त्या विश्वासापायी घरात कण्हत मेली. आईला देवाने आधार दिला का? ती शेवटपर्यंत तक्रार न करता राहिली, तिला कुणी तरी खरं उत्तर दिलंय अशी तिची खात्री होती, याला आधार म्हणायचं असेल तर म्हणा. मी तो आधार घेणार नाही. साध्या पाण्याने चिकटवलेला तांदळाचा दाणा वाऱ्याच्या बाजूला आधी सुकतो, एवढंच ते उत्तर होतं, आणि त्या छपरात वारा देवाच्या डाव्या बाजूने येतो. मी परवा तिथे उभी राहून पाहिलंय. शिवाय आणखी एक संशय आहे. आत्या तुमची बहीण. भावाची बाजू ती घेणारच. उद्या आपलं काही झालं तर या पोरीच्या मनातली बापाबद्दलची अढी तशीच राहील, म्हणून तिने ही शपथेची गोष्ट तिथल्या तिथे रचली नसेल कशावरून? ती मला पेज लावत नव्हती कशावरून? मी तिला तसं विचारलंसुद्धा. ती म्हणाली, तुला जे गोड लागेल ते धर.

डावा दाणा पडला. देवाचा डावा, पाण्याने लावलेला, पडणारच होता. उजवा माझ्या पेजेने जागच्या जागी बसलेला. आणि आत्या हसायला लागली, पोट धरून, खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, हा काय कौल नाय, उजवा तर तूच धरून ठेवलास, देव बिचारा काय बोलंल. मग डोळे पुसले आणि विचारलं की सोमवारी किती वाजता निघायचं. मी म्हटलं, पण तू तर म्हणत होतीस कौलाशिवाय जाणार नाही. तिने माझ्या हातातली ती गोळ्यांची डबी घेतली, उघडून वास घेतला आणि म्हणाली, “तू देवाला मानत नाय. तरी माज्यासाठी मीठ न घालता पेज घेऊन आलीस. मला तेवढं बास.” येताना ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होती आणि जाताना होती त्यापेक्षा सावकाश, पण तिची धाप कमी होती. मी नाडी मोजली नाही, पण तीस वर्षांचा अंदाज आहे.

तर बाबा, तिला आधार मिळाला. कशाचा, ते मला सांगता येत नाही, आणि मी उगाच सांगणारही नाही. पण जिला तो मिळाला नाही ती मी. गुरुवारपासून माझ्या डोळ्यांपुढून तो पडलेला डावा दाणा जात नाही. मला माहीत आहे तो का पडला. मीच पाडला. तरी रिपोर्ट वाचताना, तिची साडी-चोळी पिशवीत भरताना, रक्ताची सोय आहे ना म्हणून फोन करताना आत कुठे तरी एकच घोकणं चालू आहे, नाही म्हणालाय, नाही म्हणालाय. विश्वास नसलेल्या माणसालाही नकार लागतो, हे तुम्हाला माहीत असणार. म्हणूनच आईच्या आधी तुम्ही कधी कुणाला तो ऐकू दिला नाहीत, असं मी आज समजते. उद्या याबद्दलही मला संशय येईल.

हा कागद मी घडी घालून तिच्या फाईलच्या मागच्या कप्प्यात ठेवणार आहे, सोनोग्राफीच्या पाकिटामागे. तो कुठे पाठवायचा नाही, जाळायचा नाही, देवापुढे ठेवायचा तर मुळीच नाही. आत्या जागी झाली वाटतं, पाणी मागते आहे. त्याआधी एवढं सांगते. आज सकाळी मी वरच्या अंगाला एकटीच गेले होते. वाटी नेली नाही, डबी नेली नाही. तांब्यातल्या पाण्याने दोन्ही हात धुतले, खांदा कुठला ते दोनदा ताडून पाहिलं आणि दोन्ही दाणे साध्या पाण्याने लावले. ती वाचेल का, असं मोठ्याने विचारलं. तुम्ही आईच्या वेळी शेवटपर्यंत बसून राहिलात. मी दाणा पडायच्या आत उठून आले.